दाखवा की

सोमवारपासून हेमावतीबाईंच्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद होता, आणि त्या कागदानं त्यांना दोन घटका सुखानं बसू दिलं नव्हतं. त्यावर दहावी ब मधली अकरा नावं होती. नावांच्या वर हेडसरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांशी चर्चा करणे, शनिवारपर्यंत.'

चर्चा कसली, हे शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सोलापूरच्या पूर्व भागातली ही जुनी मराठी शाळा. चार वर्षांपूर्वी तिचा दहावीचा निकाल एकेचाळीस टक्के लागला आणि संस्थेच्या लोकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. मग गुरुलिंग सर हेडमास्तर म्हणून आले. पहिल्या वर्षी त्रेसष्ट, दुसऱ्या वर्षी अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्या वर्षी एक्क्याण्णव. फाटकावर फलक लागला, पेढे वाटले, वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. सकाळचा जादा तास सुरू झाला होता, सराव पेपर वाढले होते, हे खरंच. उगाच कुणाच्या कष्टाला नाव कशाला ठेवा? पण नुसत्या जादा तासानं गाडी एकेचाळिसावरून एक्क्याण्णवावर जात नसते. खरं औषध वेगळंच होतं, आणि त्या औषधाचं नाव होतं सतरा नंबरचा फॉर्म.

हा फॉर्म वाईट नाही. ज्याची शाळा सुटली आहे, त्यानं तो भरून बाहेरून दहावीला बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. सरांनी तो उलटा वापरला. पहिली घटक चाचणी झाली की कच्ची पोरं निवडायची. त्यांच्या आईबापांना बोलवायचं, चहा पाजायचा, आणि सांगायचं, "दाखला काढून घ्या. सतरा नंबर भरा. घरी बसून निवांत अभ्यास करू दे." दाखला निघाला की पोर शाळेच्या पटावरून गेलं. मग ते पास होवो की नापास, शाळेच्या टक्क्याला धक्का नाही. पालकांच्या सहीसाठी छापील अर्ज तयार असे आणि त्याचा पहिलाच शब्द होता 'स्वखुशीने'. खुशी कुणाची, ते अर्जात लिहिलेलं नव्हतं.

आणि चर्चा करायची हेमावतीबाईंनी. एक तर त्या वर्गशिक्षिका, त्यात गणिताच्या, आणि घरी कानडी बोलणाऱ्या. "मॅडम, तुमचं कानडी गोड आहे. तुमचं लोक ऐकतात," असं सर म्हणत. ऐकत होतेच. तीन वर्षांत सव्वीस घरांनी ऐकलं होतं. त्या सव्विसांतल्या किती जणांनी तो फॉर्म खरोखर भरला, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बुधवारी तिसऱ्या तासाला सिद्राम शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, चंद्रिकाची आई आलीय. टीचररूममध्ये बसवलंय."

बाई चंद्रिकाला घेऊनच खाली गेल्या. चंद्रिका अकरा नावांत चौथी. वीसपैकी पाच गुण. पोरगी सरळ, अक्षर मोत्यासारखं, वर्गात तोंड उघडायची नाही. तिची आई निंगव्वा कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायची. खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ उडालेलं.

"बर्री, कुंदर्री," बाई म्हणाल्या. या, बसा. मग नेहमीचं गोड कानडी सुरू करण्यासाठी त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात निंगव्वानं हात पुढं केला.

"द्या बाई कागद. सही कुटं करायची ते ठाव हाय मला."

बाईंना समजेना. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तीन वर्सामागं थोरलीच्या येळंला केली न्हवं का! अक्कम्माच्या. हितंच बसले हुते, ह्याच खुर्चीवर. तुमी चा पाजला हुता."

बाईंना अक्कम्मा आठवली. उंच, थोडी पुढं वाकून चालणारी, पहिल्या वर्षीच्या यादीतली. तिची आई मात्र अजिबात आठवली नव्हती. ज्या बाईला समोर बसवून आपण पोरीचा दाखला काढायला लावला, तिचा चेहराही आपल्या लक्षात राहू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"फॉर्म भरला होता का तिनं? सतरा नंबर?"

"कुटला फॉर्म! शाळा सुटली तशी भाकरीला बसली. गेल्या वैशाखात लगीन केलं, अक्कलकोटला दिली. आता हिचे चुलते बी म्हनत्यात, शाळा सुटली की हिचं बी बगू." निंगव्वा हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. चंद्रिका भिंतीला टेकून जमिनीकडं बघत उभी होती आणि अंगठ्यानं फरशीची फट कोरत होती.

बाईंनी अर्ज काढायचा म्हणून फाइल उघडली. हातात आली चंद्रिकाची उत्तरपत्रिका. निदान काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी ती पुढं केली.

"हे बघ. तीन-तीन गुणांचे तीन प्रश्न, आणि तिन्हींत भोपळा. आकृती किती सुरेख काढलीस! मग खाली एक ओळ लिहायला काय हात दुखत होते?"

आकृती खरंच सुरेख होती. त्रिकोणाच्या आत दुसरा त्रिकोण, पट्टीनं काढलेला. दोन्हींत वेगवेगळ्या तिरप्या रेघा भरलेल्या. एक बाण आतल्याकडं, त्यापुढं 'हा बघा'. दुसरा बाण बाहेरच्याकडं, त्यापुढं 'आणि हा'. खाली सगळं पान कोरं.

चंद्रिका हळूच म्हणाली, "प्रश्नातच तसं होतं, मॅडम."

"काय होतं?"

"दाखवा की, म्हणून. दाखवा की, दोन त्रिकोण समरूप आहेत. मग मी दाखवले की. बाण पण काढले."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले शिक्षकही माना वर करून हसायला लागले. 'ये की', 'बस की', 'एवढं दे की'. सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या प्रत्येक आर्जवाला हे शेपूट असतंच. पोरीनं ते पेपरातही वाचलं होतं.

"अगं, म्हणजे तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, प्लीज दाखवा म्हणतायत." चंद्रिकाचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, पेपर काढणारे आपल्या सोलापूरचेच असतील."

पुन्हा हशा झाला. निंगव्वाला काही कळलं नव्हतं, तरी सगळे हसतायत म्हणून ती पण थोडी हसली. आणि ते बघून बाईंचं हसू थांबलं.

कारण चंद्रिका एकटीच नव्हती. तपासताना असल्या आकृत्या त्यांनी आणखी पाहिल्या होत्या. या वर्षी पाहिल्या होत्या, गेल्या वर्षीही पाहिल्या होत्या. प्रत्येक वेळी 'आळशी आहेत, नुसती चित्रं काढून ठेवतात' असं पुटपुटत लाल पेनानं शून्य ठोकलं होतं. एकवीस वर्षांत एकाही पोराला, बाबा रे, असं का केलंस, म्हणून विचारलं नव्हतं. वर्गात त्या स्वतः फळ्यावर 'सिद्ध करा' लिहीत. ते पोरांना कळायचं. पेपर मात्र गाइडमधून घ्यायचे, आणि तिथं 'दाखवा की' असायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"आज सही नको," बाई निंगव्वाला म्हणाल्या. "शनिवारी या."

"शनवारी माल पोचवायचा असतोय, बाई."

"पोचवून या. पण या."

निंगव्वा गेल्यावर त्यांनी चव्वेचाळीस उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आणि मधली सुट्टी विसरून त्या एकेक उलटू लागल्या. एकोणीस जणांनी नुसत्या आकृत्या काढल्या होत्या. कुणी बाण काढला होता, कुणी रंगीत पेन्सिल वापरली होती. एकानं तर चौकट आखून खाली 'दाखवले' असं लिहून सही ठोकली होती. यादीतल्या अकरांपैकी नऊ जण त्या एकोणिसांत होते.

बहुतेक घरांत मराठी नव्हतीच. कुठं तेलुगू, कुठं कानडी, कुठं दखनी. या पोरांनी मराठी उचलली ती गल्लीत, किराणा दुकानात, मैदानावर. तिथला 'की' त्यांना बरोबर कळत होता. पुस्तकातल्या 'की'ची ओळख करून देणं हे ज्यांचं काम, त्या बाई पगार घेत होत्या आणि शून्य देत होत्या. असा विचार मनात आला आणि बाईंनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावून टाकलं.

हेडसरांनी सगळं ऐकलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सोलापूरकर ते सोलापूरकर!" असं म्हणत त्यांनी क्लार्कला आत बोलावून किस्सा परत सांगितला. क्लार्क गेल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "किस्सा झकास आहे, मॅडम. स्नेहसंमेलनात सांगू. यादीचं काय झालं?"

"यादीच चुकीची आहे, सर. पोरांना गणित येत नाही असं नाही. प्रश्न कळला नाही."

"बोर्डाचा पेपर तपासणारा विचारणार आहे का, बाळा, तुला प्रश्न कळला का म्हणून?"

"तो नाही विचारणार. पण आपण शिकवू शकतो. मी शिकवलं नाही, ही माझी चूक आहे."

सर काही दुष्ट नव्हते. त्यांची झोपही उडालेलीच असे. पलीकडच्या रस्त्याला इंग्रजी शाळा निघाली होती, पाचवीला पोरं मिळत नव्हती, गेल्या वर्षी दोन शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात गेले होते. "निकाल घसरला की पट घसरतो," ते म्हणाले. "पट घसरला की पुढचं अतिरिक्त कोण? तुम्ही सिनियर आहात, तुम्ही वाचाल. त्या नवीन मुलीचं काय, जिनं कालच घराचा हप्ता सुरू केलाय?"

 तरी त्या उठल्या नाहीत. खुर्चीत चुळबुळत बसून राहिल्या. शेवटी सरच कंटाळले. "बरं. शनिवारी सकाळी फेरचाचणी. पेपर मी काढणार, तपासणार मी. वीसपैकी सात मिळवेल तो राहील. सहावाला गेला. मंजूर?"

"मंजूर," बाई म्हणाल्या. हातात फक्त दोन दिवस होते.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये त्या रात्री ताट वाढून ठेवलेलं आणि बाई कागदावर प्रश्नांमधले शब्द उतरवत बसलेल्या. नवरा प्रभु म्हणाला, "जेव की." बाईंनी एकदम मान वर केली. "अहो, हा 'की' कसला?" प्रभुनं त्यांच्याकडं जरा काळजीनं पाहिलं आणि आमटी गरम करायला नेली.

गुरुवारी पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'दाखवा की', आणि विचारलं, "म्हणजे काय रे?"

"प्लीज दाखवा!" अर्धा वर्ग ओरडला.

"हा आपल्या गल्लीतला 'की' नाही, बाळांनो. हा पुस्तकातला, जरा शिष्ट आहे. नुसतं बघून याचं समाधान होत नाही. याला कारण द्यावं लागतं. दोन त्रिकोण समरूप आहेत म्हणता, कशावरून? पटवून द्या."

 मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "दिसतायत की, मॅडम!" सगळे हसले, बाईसुद्धा हसल्या, पण घड्याळाकडं बघून.

मग त्यांनी चंद्रिकाला उभं केलं. "तुझी आई दुकानात भाकरी देते. दुकानदार विचारतो, ही भाकरी पंधरा दिवस टिकेल कशावरून? आई काय सांगते?"

 चंद्रिका जमिनीकडं बघत म्हणाली, "पीठ ताजं आहे म्हणते. पाणी कमी घातलंय म्हणते. दोनदा शेकलीय, मोडून बघा, आवाज येतोय का ते बघा, म्हणते."

"बास! हीच सिद्धता. प्रत्येक ओळ लिहायची आणि पुढं कंसात कारण. दुकानदार समोर उभा आहे आणि 'कशावरून' म्हणतोय असं समजून लिहायचं."

त्या दोन दिवसांत बाईंनी दुसऱ्या कुठल्या शब्दावरही विश्वास ठेवला नाही. 'पक्ष' म्हणजे काय? दिलेली माहिती, निवडणुकीतला नाही. 'कसोटी' म्हणजे? पाच पोरं म्हणाली, क्रिकेटची. 'संगत कोन' म्हणजे? एकजण म्हणाला, वाईट संगतीतला. सकाळी साडेसहाला जादा तास, संध्याकाळी सहापर्यंत उजळणी. बाईंचा घसा बसला. मधल्या सुट्टीत त्या जिन्यावरून वरखाली करायच्या, बसवायचंच नाही. सिद्राम म्हणायचा, "मॅडम, गोळी घ्या." गोळीनं थांबण्यातलं हे नव्हतं. पोरं भराभर उचलत होती आणि ते बघून आनंद व्हायच्या ऐवजी बाईंच्या मनात एकच प्रश्न यायचा. दोन दिवसांत जमण्यासारखं होतं, तर एकवीस वर्षं मी काय करत होते?

शुक्रवारी संध्याकाळी चंद्रिकानं फळ्यावर एक अख्खी सिद्धता लिहिली. शेवटच्या ओळीला कंसात कारण लिहिलं, खडू ठेवला, आणि वर्गाकडं वळून म्हणाली, "आता मोडून बघा." तीन वर्षांत बाईंनी तिच्या तोंडून ऐकलेला हा पहिला विनोद.

शनिवारी फेरचाचणी झाली. साडेदहाला सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. समोर अकरा कागद होते.

"मानलं तुम्हांला," सर म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. "आठ जण पार. एकाला तर चौदा आहेत. आता आठांची काळजी मिटली."

"आणि तीन?"

"दोघांना तीन आणि चार. त्यांचं आडातच नाही, मॅडम, पोहऱ्यात कुठून येणार? आणि ही एक. सहा."

चंद्रिकाचा कागद. बाईंनी तो उभ्यानंच वाचला. दोन सिद्धता, दोन्ही बिनचूक, प्रत्येक ओळीपुढं कारण. त्यांचे सहा. बाकीच्यात उदाहरणं होती. एकात तिनं नऊ साती छप्पन्न केले होते आणि तिथून पुढचं सगळं घसरत गेलं होतं. दुसरं सोडलं होतं, वेळ संपला असावा. बाईंनी कागद पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. कुठंतरी अर्धा गुण सापडेल, कुठंतरी सरांची नजर चुकली असेल, म्हणून पान उलटून मागचं कच्चं कामसुद्धा बघितलं. सरांची नजर चुकली नव्हती. नऊ साती छप्पन्न होत नाहीत.

"एका गुणानं, सर."

"एका गुणानंच नापास होतात, मॅडम. ठरलं होतं आपलं."

ठरलं होतं. मंजूर म्हणणाऱ्याही त्याच होत्या. पोरीची शाळा एका गुणाला टांगायला आपण कशा तयार झालो, याचा त्यांना आता संताप येत होता, पण तो कुणावर काढणार?

दारात सिद्राम आला. "निंगव्वा आलीय."

निंगव्वा माल पोचवून तशीच आली होती. मोकळी टोपली तिनं दाराबाहेर ठेवली. मागं चंद्रिका उभी होती. तिला गुण कळले होते की नाही कोण जाणे, पण बाईंच्या चेहऱ्याकडं तिनं एकदाच पाहिलं आणि मग पाहिलं नाही. सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, गोड बोलले. पोरगी हुशार आहे, प्रयत्न केला, थोडक्यात हुकलं, घरी निवांत अभ्यास होईल. छापील अर्ज पुढं सरकवला. त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

निंगव्वानं पेन उचललं. टोपण काढलं. सही ती कानडी अक्षरांत करायची, सावकाश, एकेक अक्षर लावून. तिनं कागद डाव्या हातानं दाबून धरला.

"सही माडब्याड्री," हेमावतीबाई म्हणाल्या.

पेन थांबलं. सरांनाही कानडी येत होतं, त्यामुळं लपण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते म्हणाले, "मॅडम? काय म्हणालात?"

"सही करू नका म्हणाले." बाईंनी खुर्चीची पाठ धरली.  "निंगव्वा, या कागदावर तुमच्या खुशीनं असं लिहिलंय. तुमची खुशी नसेल तर सही करायची नाही. सही केली नाही तर चंद्रिकाला शाळेतून कुणी काढू शकत नाही. हेडसर नाही, संस्था नाही, मी नाही. नापास झाली तर शाळेतून नापास होईल. पण बसेल शाळेतूनच."

"आणि निकाल?" सर म्हणाले.

"लागेल तो लागेल, सर. माझ्या विषयाचा आहे, माझ्या नावावर लिहा."

"बाकीच्या दोघांच्या पालकांनाही हेच सांगणार?"

"हो. दुपारीच सांगणार आहे."

 सरांचा चेहरा उतरला होता. रागानं नव्हे, भीतीनं, आणि त्या भीतीचं बाईंना खरंच वाईट वाटलं. पण निंगव्वा सरांकडं बघतच नव्हती. ती बाईंकडं बघत होती.

"न्हाय केली तर चालतंय?"

"चालतं."

"ह्यो नियम आत्ताचा हाय, का पयल्यापासनं हाय?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. नवीन आहे म्हटलं असतं तर निंगव्वानं विश्वास ठेवला असता. सरांनीही मान डोलावली असती.

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

"अक्कीच्या येळंला बी हुता?"

"होता."

निंगव्वानं पेनाचं टोपण लावलं. पेन अर्जावर नीट सरळ ठेवलं. "तवा तर तुमीच पेन दिलं हुतं माज्या हातात," ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. मग ती चंद्रिकाकडं वळली. "जा. वर्गात जा." चंद्रिका आधी हललीच नाही. मग एकदम वळून जिन्याकडं पळाली. तिच्या चपलांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिला.

निंगव्वा टोपली उचलून व्हरांड्यातून निघाली. बाई तिच्या मागं गेल्या. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण जाऊ देववत नव्हतं.

"तप्पात्री, निंगव्वा. चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" निंगव्वा थांबली. टोपली कमरेवर घेतली. "त्यो सतरा नंबरचा फॉर्म, बाई. त्यो खरंच असतोय, का ते बी असंच?"

"खरंच असतो. सप्टेंबरपर्यंत भरता येतो. लग्न झालेलीलाही भरता येतो."

"मंग अक्कीला सांगा. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाय." तिनं अक्कीचा फोननंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, दोन-दोन आकड्यांनी. बाईंनी तो तिथंच मोबाइलवर दाबला. निंगव्वा गेली नाही, समोर उभी राहून बघत राहिली.

बरीच रिंग वाजली. मग उचलला. मागं कुठंतरी भांडी वाजत होती.

"अक्कम्मा? मी हेमावती मॅडम बोलतेय. शाळेतून."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.  मग अक्कम्मानं अगदी हळू विचारलं,

"मॅडम, चंद्रीला बी काढलं काय?"